न सापडलेल्या दगडाचं वजन

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकपासून दोन दिवस सुटका. म्हणजे लेख टाकायची वेळ झाली. मागच्या वेळी कबूल केलेला डेटाबेसवरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतोय (हो, परत!). कारण दिवाळीत घरी मेहकरला गेलो असताना दादाने एक प्रश्न विचारला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना.

दादा म्हणजे काकांचा मुलगा. शेती करतो, बहुतेक सोयाबीन. मी ओसरीवर बसून लॅपटॉपवर एक व्याख्यान बघत होतो. विषय होता, हॅड्रॉन कोलायडरमध्ये अजून न सापडलेल्या कणांचं वस्तुमान कसं मोजायचं. दादा मागे येऊन उभा राहिला.

"काय पाहून रायला?"

सांगितलं.

"म्हंजे जे सापडलंच नाई, त्याचं वजन?"

"हो."

"मंग सापडलं का नंतर?"

"नाही. पंधरा वर्षं झाली शोधतायत."

"अन् ह्याचा पगार भेटते?"

मी हसण्यावारी नेलं. पण दोन दिवसांपूर्वीच दादाची सोयाबीन बाजारात गेली होती. घरून ६० किलोचे ३० कट्टे भरून निघाले, म्हणजे १८ क्विंटल. तिकडे काट्यावर भरले १७ क्विंटल ६० किलो. ४० किलो गेले कुठे? ओल धरली, कडता कापला की काटाच तसा, काही कळायला मार्ग नाही. अशा माणसाला मी सांगत होतो की जगातली हुशार माणसं अदृश्य वस्तूंची वजनं करतायत. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

तर आजचा लेख म्हणजे दादाला त्या दिवशी न दिलेलं उत्तर. माझं मत आधीच सांगून टाकतो. न सापडलेल्या गोष्टीचं वजन करण्याची रीत आधी ठरवून ठेवणं हा वेळेचा अपव्यय नाही. उलट शोधाशोध करणाऱ्या माणसाला खोटं बोलण्यापासून वाचवणारी ती एकमेव गोष्ट आहे. ह्या रितीच्या जोरावर केलेल्या मोठमोठ्या भाकितांचं मात्र मी समर्थन करणार नाही. त्यावर पुढे येतोच.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, गणित नाही.

हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात. सर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातला एलएचसी हा त्यातला सगळ्यात मोठा. पण प्रोटॉन म्हणजे गोटी नव्हे, ते पोतं आहे. आत क्वार्क आणि ग्लुऑन भरलेले. टक्कर होते ती ह्या पोत्यातल्या एका दाण्याची त्या पोत्यातल्या एका दाण्याशी, आणि त्या दाण्याकडे पोत्याच्या एकूण ऊर्जेतला किती वाटा होता हे आधी कोणालाच माहीत नसतं. उरलेला माल पाइपच्या दिशेने सरळ निघून जातो, तो दिसतही नाही. म्हणजे पाइपच्या दिशेचा जमाखर्च कधीच जुळवता येत नाही.

पण आडव्या दिशेचा येतो. टक्कर होण्याआधी आडव्या दिशेत संवेग शून्य होता, म्हणून नंतरही सगळ्यांची बेरीज शून्यच यायला हवी. समजा डावीकडे भरपूर माल उडालेला दिसतोय आणि उजवीकडे काहीच नाही, तर उजवीकडे काहीतरी गेलंय जे डिटेक्टरला दिसलं नाही. ही जी तूट निघते तिच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. दादाचे ४० किलो म्हणा ना.

आता तुटीवरून वजन कसं काढायचं? १९८३ साली सर्नमध्ये डब्ल्यू नावाचा कण सापडला तेव्हा हेच केलं गेलं. डब्ल्यू फुटतो आणि त्यातून एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो निघतो. इलेक्ट्रॉन दिसतो, न्यूट्रिनो सटकतो. न्यूट्रिनोची फक्त आडवी बाजू तुटीवरून कळते, मग डब्ल्यूचं पूर्ण वस्तुमान कसं मिळणार?

आपल्याकडचं वैशाखातलं दुपारी बाराचं ऊन आठवा. एक काडी हवेत कशीही फेकली तरी जमिनीवर पडणारी तिची सावली काडीपेक्षा लांब कधीच नसते. एका सावलीवरून काडीची लांबी सांगता येणार नाही, पण हजार वेळा काडी फेका आणि सगळ्यात लांब सावली बघा. ती काडीएवढीच असणार. इथेही तसंच करतात. आडव्या मोजमापांतून एक आकडा काढतात, त्याला आडवं वस्तुमान म्हणू. ते खऱ्या वस्तुमानापेक्षा जास्त कधीच येत नाही. हजारो टकरींचा आलेख काढला की तो चढत जातो आणि ८० जीईव्हीच्या आसपास कड्यावरून पडावा तसा कोसळतो. (प्रोटॉनचं वस्तुमान साधारण १ जीईव्ही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.) तो कडा म्हणजे डब्ल्यूचं वस्तुमान. त्याच्या पोटातला अर्धा माल न बघता!

इथे एका मराठी बाईंचं नाव घ्यायलाच हवं. रोहिणी गोडबोले. पुण्यात जन्म १९५२ सालचा, शिक्षण एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेत स्टोनी ब्रूक. पुढे टीआयएफआर, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगलोरची आयआयएससी. २०१९ साली पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी स्वतः इंजिनिअरिंग संपेपर्यंत ऐकलं नव्हतं, त्यामुळे बोट दाखवायचा हक्क मला नाही.

१९८३ मध्ये संदीप पक्वासा आणि टीआयएफआरचे डी. पी. रॉय ह्यांच्यासोबत गोडबोल्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न सोडवला. टॉप क्वार्क तेव्हा सापडलेला नव्हता. तो असणार ह्याबद्दल फारसं दुमत नव्हतं, पण किती जड ते माहीत नव्हतं. आता हॅड्रॉन कोलायडरमध्ये इलेक्ट्रॉन आणि म्युऑन ढिगाने निघतात. त्यातला टॉपपासून निघालेला कुठला, हे ओळखायचं कसं? त्यांचं म्हणणं असं की हलक्या क्वार्कपासून निघालेला इलेक्ट्रॉन घोळक्यात सापडतो, इतर कणांना चिकटून. जड कण फुटला की त्याचे तुकडे लांब लांब फेकले जातात, म्हणून त्यातला इलेक्ट्रॉन एकटा उभा असतो. यात्रेच्या गर्दीत एसटी स्टँडवर एक माणूस सगळ्यांपासून दहा हात लांब उभा असेल तर तो कुठून आला ते आधी विचारा. एवढीच आयडिया, पण पुढे टॉपच्या शोधात ही खूण फार कामाची ठरली.

आणि लगेच फसगतही झाली. १९८४ मध्ये सर्नच्या यूए१ गटाने जाहीर केलं की टॉपसारखं काहीतरी दिसतंय, वस्तुमान ३० ते ५० जीईव्हीच्या दरम्यान. पुढे जास्त डेटा आला, इतर प्रक्रियांचा हिशोब नीट मांडला गेला आणि तो टॉप विरघळून गेला. खरा टॉप १९९५ साली अमेरिकेत फर्मीलॅबमध्ये सापडला. वजन? आजच्या मोजमापानुसार १७२.५ जीईव्हीच्या आसपास. एकच मूलभूत कण, पण बल्बच्या तारेतल्या टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढा जड. म्हणजे १९८४ चा अंदाज साधारण साडेतीन ते पावणेसहा पटींनी चुकला होता.

गंमत म्हणजे तो सापडायच्या आधीच त्याचं वजन आडवाटेने काढून झालं होतं. १९८९ पासून सर्नमध्ये झेड कणाची अतिशय बारीक मोजमापं चालली होती. त्या आकड्यांवर टॉपच्या अस्तित्वाचा अगदी हलका दाब पडतो. त्यावरून शास्त्रज्ञ सांगत होते की टॉप असला तर १५० ते २०० च्या पट्ट्यात असावा. तो तिथेच निघाला.

हा किस्सा मला का आवडतो ते सांगतो. चूक करणारे लोक हुशार होते. खूण बरोबर होती. चुकली ती "बाकीच्या गोष्टींमुळे किती तूट येऊ शकते" ह्याची मोजदाद. आणि चूक उघडी पडली ती पद्धत आधीच सगळ्यांसमोर मांडलेली होती म्हणून.

आता स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत पेमेंटच्या सिस्टिमवर काम करत होतो. रोज रात्री आमचा हिशोब आणि बँकेचा हिशोब जुळवायचा. एका आठवड्यात हजारातले तीन व्यवहार आमच्याकडे दिसेनात. मी तीन दिवस समोरच्या पार्टीवर ठपका ठेवणारे मेल लिहिले, चांगले कडक इंग्रजीत, वरच्या साहेबांना सीसी करून. चौथ्या दिवशी कळलं की आमचाच लॉग सर्व्हर लोड वाढला की ओळी गाळत होता. व्यवहार सगळे झाले होते, गळती आमच्याच बादलीत होती. माफीचा मेल लिहायला मला तीन मिनिटं लागली आणि पाठवायला अर्धा दिवस.

म्हणून पुढची गोष्ट वाचली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. एलएचसीवर सीएमएस नावाचा अवाढव्य डिटेक्टर आहे. त्यातल्या मोठ्या चुंबकाच्या वेटोळ्याच्या आत कणांची ऊर्जा मोजणारे थर आहेत. पण काही जोरदार कणांचा सगळा जोर आतल्या आत संपत नाही, थोडी ऊर्जा बाहेर झिरपते. ती मोजली नाही तर हिशोबात खोटी तूट दिसणार आणि कोणीतरी ओरडणार, "नवा अदृश्य कण सापडला!" म्हणून वेटोळ्याच्या बाहेर आणखी एक थर लावलाय, शेवटची गळती टिपणारा. तो भारतीय गटांनी बनवला. मुंबईची टीआयएफआर आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

भारताने एलएचसीला काय दिलं असं कोणी विचारलं तर आपण सर्नच्या आवारातल्या नटराजाच्या मूर्तीचा फोटो फॉरवर्ड करतो. मी म्हणतो, हा थर सांगा. तूट जाहीर करायच्या आधी आपली बादली गळत नाही ना हे तपासणारा थर! माझ्या त्या कंपनीत असा एक थर असता तर माझी इज्जत वाचली असती.

आता दादाच्या प्रश्नाचा खरा अवघड भाग. १९९० नंतर बऱ्याच सैद्धांतिक मंडळींची खात्री होती की सुपरसिमेट्री नावाच्या कल्पनेतले कण एलएचसीवर सापडणार. त्यात प्रत्येक टकरीत दोन अदृश्य कण पळणार, एक नाही. तूट मात्र एकच कळते, दोघांची मिळून. दोन मित्रांनी मिळून ५०० रुपये उडवले एवढंच माहीत आहे, कोणी किती ते नाही. १९९९ मध्ये केंब्रिजच्या लेस्टर आणि समर्स ह्यांनी युक्ती काढली. तूट दोघांत शक्य तितक्या सगळ्या प्रकारे वाटून बघा. प्रत्येक वाटणीत दोन वस्तुमानं निघतील, त्यातलं मोठं धरा. मग सगळ्या वाटण्यांत हे मोठं जिथे सगळ्यात कमी येईल तो आकडा घ्या. हा आकडाही खऱ्या वस्तुमानाच्या वर जात नाही. परत काडी आणि सावलीच!

फक्त एक मेख आहे. अदृश्य कणाचं स्वतःचं वजन आधी गृहीत धरावं लागतं. कोलायडरवरच्या बऱ्याच पद्धतींचं हेच दुखणं. जड कण आणि अदृश्य कण ह्यांच्यातला फरक बरा कळतो, दोघांची वेगवेगळी वजनं कळत नाहीत. धान्याच्या काट्यावर भरलेली गाडी एकदा आणि रिकामी गाडी एकदा चढते, वजाबाकी केली की माल कळतो. इथे उलटं झालंय. मालाचं वजन हातात आलंय, पण रिकामी गाडी कोणी काट्यावर चढवूच देत नाही. २००७ मध्ये काही कोरियन शास्त्रज्ञांनी दाखवलं की गृहीत धरलेलं वजन बदलत नेलं तर ठरावीक परिस्थितीत आलेखाला एका जागी कोन पडतो, आणि तो कोन बरोबर खऱ्या वजनावर असतो. म्हणजे रिकामी गाडीसुद्धा तोलता येईल, निदान कागदावर.

एवढी सगळी तयारी झाली. २०१० मध्ये एलएचसीचं खरं काम सुरू झालं. २०१२ मध्ये १२५ जीईव्हीचा हिग्ज सापडला. आणि सुपरसिमेट्री? आजतागायत काही नाही. ग्लुइनो नावाचा तिचा जड कण, साध्या प्रतिमानांत तरी, २००० जीईव्हीच्या खाली नाही असं दिसतं.

मग हे काम फुकट गेलं का? टीकाकारांचं अर्धं म्हणणं मला पटतं. "लवकरच सापडेल" ही भाकितं जरा जास्तच झोकात केली गेली आणि त्यावर पुस्तकं, भाषणं, करिअर उभी राहिली. आता ९१ किलोमीटरच्या नव्या कोलायडरची आखणी चालू आहे. त्यासाठी जर "अमुक कण नक्की सापडेल" असं सांगून पैसे मागितले तर मी विरोधात मत देईन (मला कोणी विचारणार नाही ही गोष्ट वेगळी). "हिग्जचं मोजमाप आजच्यापेक्षा कितीतरी बारीक करू, बाकी काय निघेल ते माहीत नाही" असं प्रामाणिकपणे सांगितलं तर मी बाजूने आहे.

पण भाकीत वेगळं आणि काटा वेगळा. भाकीत फसलं म्हणून काटा भंगारात जात नाही. लेस्टर आणि समर्सच्याच युक्तीने पुढे फर्मीलॅबच्या सीडीएफ गटाने टॉपचं वस्तुमान मोजलं, कारण टॉपची जोडी फुटली की तिच्यातूनही कधी कधी दोन न्यूट्रिनो पळतात. "काही सापडलं नाही" आणि "अमुक वजनाच्या खाली काही नाही" ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं हात झटकणं झालं. दुसऱ्यासाठी काटा लागतो.

आमच्या ऑफिसात बघा. "टेस्ट केलं, बग नाही सापडला" असं सगळेच म्हणतात. "इतका लोड दिला, इतके तास चालवलं, ह्या मर्यादेपर्यंत बग नाही" असं म्हणणारा दहात एक.

तर दादाला हे कसं सांगायचं? उत्तर घरापासून तासाभराच्या आत होतं. लोणार.

शाळेच्या सहलीला एसटीने गेलो होतो तेव्हा मी सरांना विचारलं होतं, "सर, तो दगड कुठंय?" सर म्हणाले, "दगड नाही, भोक आहे." तेव्हा वाटलं सरांना माहीत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर काळ्या बेसॉल्टमध्ये पडलंय आणि आदळलेला दगड मोठ्या तुकड्याच्या रूपाने कोणालाही मिळालेला नाही. बराच काळ लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. तळात भोकं पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाने काच झालेलं खनिज मिळालं आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तेव्हा उल्कापाताची खात्री पटली. वयावर अजून वाद आहे. एका पद्धतीने ५० हजार वर्षांच्या आसपास, तर दुसऱ्या, २०११ मध्ये आलेल्या मोजणीने साडेपाच लाखांच्या वर.

आणि दगडाचं वजन? भोकावरून ढोबळमानाने ऊर्जा कळते. पण तेवढी ऊर्जा जड आणि सावकाश दगडाची असू शकते किंवा हलक्या आणि वेगवान दगडाची. परत तीच मेख, दोन अज्ञात आणि आकडा एक. तरी हात टेकायची गरज नाही. सूर्यमालेतला दगड पृथ्वीवर सेकंदाला साधारण ११ किलोमीटरपेक्षा कमी आणि ७२ पेक्षा जास्त वेगाने आदळत नाही. वेगाचा वर्ग घ्यायचा, म्हणजे वजनाच्या दोन टोकांत चाळीसेक पटींचा फरक राहतो. कोन आणि दगडाची घनता धरली तर आणखी घोळ. चाळीस पट म्हणजे फार वाटेल, पण "काहीच माहीत नाही" पासून आपण किती लांब आलो बघा. न सापडलेल्या दगडाला वरची आणि खालची हद्द मिळाली.

गेल्या रविवारी फोन केला तेव्हा दादाला हे सगळं सांगितलं. लोणारपर्यंत हुं हुं करत ऐकलं. मग विचारलं, "अन् त्या सर्नवाल्यायचा काटा कोण तपासते?"

म्हटलं, एकाच बोगद्यावर दोन वेगळे गट, अॅटलस आणि सीएमएस. वेगळी यंत्रं, वेगळी माणसं. दोघांचा आकडा जुळला तर मानायचं. पद्धत आधी छापलेली असते, जगातला कोणीही चुका काढू शकतो. १९८४ ची चूक अशीच निघाली.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मले एवढंच पायजे होतं बावा. तूट आली तर येऊ दे. पण दुसरा काटा असला पायजे गावात."

त्याच्या ४० किलोंचा हिशोब अजून लागलेला नाही. गोडबोले बाईंच्या शोधाने तो लागणारही नाही, आणि विज्ञानावर प्रेम असणाऱ्या आपल्यासारख्यांनी तसं भासवूही नये. फिजिक्समुळे शेतकऱ्याचं भलं होईल वगैरे भाषणं मला येत नाहीत. पण "दुसरा काटा पाहिजे" हे वाक्य मी सोमवारी स्टँडअपमध्ये वापरणार आहे. आमच्या मॉनिटरिंगवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग गेले सहा महिने बॅकलॉगमध्ये पडलंय.

असो. डेटाबेसवरचा लेख पुढच्या शनिवारी. नक्की. (वरची हद्द सांगतोय, खालची नाही :-))